‘झूब’चे नाते ‘दंता’शी नव्हे, ‘जंभा’शी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील भाषाविषयक लेखात, रशियन भाषेत दाताला म्हणतात तो ‘झूब’ हा शब्द संस्कृत ‘दंत’चा अपभ्रंश असल्याचे म्हटले आहे. ते बरोबर नाही. रशियन ज्या कुळात मोडते त्या स्लाव्ह भाषा संस्कृतातून निघालेल्या नाहीत. दोहोंचे मूळ त्याहून जुन्या, एकाच भाषेत आहे.

रशियन ‘झूब’, पोलिश ‘झोंब’, बल्गेरियन ‘झब’ आणि प्राचीन चर्च स्लाव्हिक या स्लाव्हांच्या जुन्या धार्मिक लेखनाच्या भाषेतील सानुनासिक रूप यांची तुलना करून अभ्यासकांनी आदिस्लाव्ह, म्हणजे साऱ्या स्लाव्ह भाषांच्या मूळ भाषेतील रूप ‘झोंबु’ असे ठरवले आहे. ते कोठे लिहिलेले सापडत नाही, म्हणून त्याच्या आधी तारांकन करतात. पोलिशने अनुनासिक आजवर टिकवला, रशियनमध्ये त्याचा ‘ऊ’ झाला.

या शब्दाचा संस्कृतातील खरा सोयरा ‘जम्भ’ होय. रुद्र म्हणणाऱ्यांना तो परिचयाचा आहे. त्यातील नमक या भागाच्या अखेरीस ‘तं वो जम्भे दधामि’ असे येते, म्हणजे रुद्रांनो, आमच्या द्वेष्ट्याला मी तुमच्या जबड्यात देतो. लहानपणी आजोबांबरोबर हे म्हणताना ‘जम्भे’वर आवाज चढायचा, त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा कळला. संस्कृत ‘ज’च्या जागी स्लाव्ह भाषांत ‘झ’ येणे हाही योगायोग नव्हे, कारण ‘ज्ञा’ धातूच्या जोडीला रशियनमध्ये ‘झ्नात्’, म्हणजे जाणणे, हे क्रियापद आहे.

मूळ अर्थ नुसता दात असा नसावा. ग्रीकमध्ये याच कुळातील ‘गोम्फोस’ म्हणजे खुंटी किंवा खिळा, जर्मन ‘काम’ म्हणजे कंगवा, तर लिथुआनियन ‘झांबास’ म्हणजे धार किंवा कड. तेव्हा टोकदार, रुतणाऱ्या वस्तूचे नाव पुढे दाताला चिकटले, असे मानणे मला अधिक पटते. आपणही ‘शूल’वरून आलेला ‘सुळा’ दातासाठीच वापरतो की!

‘दंत’चा सख्खा भाऊ लिथुआनियनमध्ये ‘दान्तिस’ या रूपात आजही दात याच अर्थाने नांदतो. स्लाव्ह भाषांत मात्र ‘झोंबु’ने त्याची जागा घेतली आणि तो जुना शब्द केवळ हिरडीच्या नावात उरला, ते म्हणजे रशियन ‘देस्ना’. लेखकमहोदयांना रशियनमध्ये ‘दंत’ हवाच होता, तर तो दातात न शोधता हिरडीत शोधायला हवा होता.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा