स्कॅनमध्ये स्नायूही मोजा

संपादक महोदय,

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गाठ किती खोल गेली, रसग्रंथींत पसरली का, हे बारकाईने पाहिले जाते. अंगात स्नायू किती उरलेत आणि शरीरात दाह (इन्फ्लमेशन) किती आहे, हे मात्र अनेकदा कोणी पाहत नाही. जगण्याशी या दोन्हींचा संबंध स्कॉटलंडमधील ग्लासगोसह अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसला आहे.

पोटाचा सीटी स्कॅन शस्त्रक्रियेआधी होतोच. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील स्कॅनच्या एका आडव्या छेदचित्रात स्नायूंचे क्षेत्रफळ मोजून त्याला उंचीच्या वर्गाने भागले की स्नायूंचा आकडा मिळतो. स्नायू नेहमीपेक्षा काळसर दिसले, तर त्यांत चरबी मुरली आहे. वजनकाट्यावर हे कळत नाही. पोट सुटलेल्या माणसाची झीज चरबीआड लपते, आणि पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजन उलट वाढते. केमोचा डोस सहसा उंची-वजनावरून ठरतो, त्यामुळे स्नायू कमी असलेले रुग्ण दुष्परिणामांनी जास्त बेजार होतात.

दाहासाठी रक्ततपासणीतील सीआरपी (दाहात वाढणारे प्रथिन) आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) एकत्र वाचावेत. सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली, ही जोडी धोक्याची. काही लॅब सीआरपी डेसिलिटरमध्ये देतात, तिथे १० चा १ होतो. एकक पाहिल्याशिवाय आकडा वाचू नये. जंतुसंसर्ग असताना किंवा ऑपरेशननंतर लगेच हा हिशेब लागू पडत नाही. शिवाय अल्ब्युमिन घटले म्हणजे खाणे कमी पडले, एवढाच अर्थ नसतो. दाहात यकृत ते कमी बनवते आणि ते रक्तवाहिन्यांतून झिरपतेही. महागड्या अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवून मूळ कारण जात नाही.

प्रथिने तरीही हवीतच: दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ९०. ‘हलके’ म्हणून दिलेल्या साबुदाण्यात ती जवळपास नसतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. मूत्रपिंड अधू असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

नुसत्या खाण्याने स्नायू बनत नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील चाचणीत केमोनंतर ३ वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांचे ८ वर्षांचे जीवितप्रमाण ९०.३ टक्के होते, फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांचे ८३.२. एवढा फरक पाडणारे औषध निघाले असते तर आपण त्यासाठी रांगा लावल्या असत्या!

रेडिओलॉजिस्टनी स्नायूंचा आकडा अहवालात लिहावा, ही आमची कळकळीची विनंती. स्नायूंची ताकद पाहण्यासाठी घरच्यांनी रुग्णाला हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठ-बस करायला सांगावे, शेजारी उभे राहूनच. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर सांगावे.

— कर्करोग रुग्णांच्या आहार व व्यायामाचे काम पाहणारे