वरची जाळी उघडी ठेवली आहे

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

निफाडला यंदा थंडी चांगलीच झोंबते आहे. परवा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 6 अंशांवर होता. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यांचा धूर पार आमच्या परसात येतो. गुहागरला तुमचं पातळ चादरीवर भागतं, तिथे बसून इथली हुडहुडी कळायची नाही.

आई, बारा कोंबड्यांतली एक गेली. फोनवर सांगवलं नाही, म्हणून लिहिते आहे. थंडी वाढली तशी मी सगळं खुराडं प्लास्टिकच्या कागदाने गुंडाळलं, फट म्हणून ठेवली नाही. चौथ्या दिवशी दार उघडलं तर विष्ठेच्या वासाचा असा झणका बसला, की डोळ्यांत पाणी आलं. पत्र्याला आतून थेंब लोंबत होते, खालचा भुसा ओला. दोघी चोच उघडून घरघरत होत्या. एक वाचली. डॉक्टर म्हणाले, कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं, कोरडी थंडी ती पिसं फुलवून काढते. ओल आणि कोंडलेली हवा तिला सोसत नाही.

तेव्हा आपलं खुराडं आठवलं. मी लहानपणी वरच्या जाळीत चिंध्या कोंबल्या होत्या आणि तू रात्रीच त्या उपसून काढल्यास. "वर वारा खेळू दे, खाली नको," म्हणालीस. मला तेव्हा तू निष्ठुर वाटली होतीस.

आता खालून, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या उंचीपर्यंत गोणपाट लावलंय, वर वीतभर मोकळं. भुसा रोज हलवते, ओला दिसला की बदलते. संध्याकाळी मूठ मूठ मका टाकते. तो रात्रभर पचत राहतो, अंगात ऊब राहते. काल रात्री बॅटरी घेऊन पाहिलं. सगळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या, पायांची बोटं पोटाच्या पिसांत झाकलेली. एकीच्या पंखाखाली हात घातला, तर फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखी ऊब लागली. किती वेळ तशीच उभी होते!

अंडी रोज दोन-तीनच मिळतात. शेजारी म्हणतात, बल्ब लाव. भरपूर अंड्यांना 14 तास तरी उजेड लागतो आणि सध्या दिवस जेमतेम 11 तासांचा. पण चौघींची पिसं झडताहेत, नवी फुटताहेत. त्यांना विसावा मिळू दे, मी बल्ब लावणार नाही.

लाल कोंबडी खुडूक झाली आहे. आई, तिला आत्ताच अंड्यांवर बसवू की रथसप्तमी होऊ देऊ? 21 दिवसांनी पिल्लं ऐन गारठ्यात निघायला नकोत. आणि बाबा, गुडघा बरा असेल तरच, एक डालगं विणून ठेवा. शिमग्याला आले की घेऊन जाईन. इथे बाजारात मिळतात त्यांची भोकं मोठी असतात आणि बांधावर मुंगूस फिरतंय.

तुमची,
ताई