रिपोर्टावर तापाचा दिवस लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गौरी-गणपती आटोपल्यापासून नवरात्र संपेपर्यंतचे दिवस बडोद्यात तापाचे असतात. दांडिया बाजार असो की मांजलपूर, उशापाशी तपासण्यांचे कागद साठू लागतात: डेंगीची एनएस-१, टायफॉइडची विडाल, प्लेटलेट, मलेरियाचे कार्ड. या कागदांवर नाव असते, वय असते, कोणत्या डॉक्टरांनी पाठवले ते असते. ताप कितव्या दिवसाचा आहे, हे मात्र क्वचितच असते. ते माहीत नसेल तर यातले निम्मे रिपोर्ट वाचताच येत नाहीत, आणि वाचले तर चुकीचे वाचले जातात. हे पत्र त्यासाठीच.

आधी दिवस मोजायचा कसा ते सांगतो. पहिल्यांदा कणकण आली किंवा थर्मामीटरने १००.४ अंश फॅरनहाइट दाखवले, तो पहिला दिवस. डॉक्टरकडे गेलो तो नव्हे, आणि ताप १०३ वर गेला तोही नव्हे. लोक हमखास इथेच घोटाळा करतात. रविवारी रात्री अंग मोडून येते, सोमवार-मंगळवार गोळी घेऊन ऑफिस होते, बुधवारी दवाखाना गाठला जातो आणि तिथे सांगितले जाते, ‘कालपासून ताप आहे.’ खरे तर त्या बुधवारी चौथा दिवस चालू असतो.

डेंगीत हा फरक किती महागात पडतो पाहा. डेंगीच्या विषाणूचे एनएस-१ नावाचे प्रथिन पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत रक्तात चांगले सापडते. पुढे त्या तपासणीचा भरवसा उतरत जातो. आयजीएम या अँटीबॉडीचे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनाचे, उलट आहे. ती पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळजवळ सगळ्यांत सापडते. म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेले आयजीएम निगेटिव्ह आले तर त्यात नवल काही नाही, आणि सातव्या दिवशी केलेले एनएस-१ निगेटिव्ह आले म्हणून डेंगी नाही असेही ठरत नाही. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेलेला माणूस पुन्हा सापडू शकतो. अशा दुसऱ्या खेपेला एनएस-१ लवकर नाहीसे होते आणि आयजीएमही जेमतेमच वाढते. आयजीजी ही अँटीबॉडी जुन्या संसर्गाचीही असू शकते, म्हणून कार्डवरच्या नुसत्या तिच्या रेघेवरून आजच्या तापाचा निकाल लावू नये. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सांध्यावर रक्त द्यायचे असेल तर दोन्ही तपासण्या एकदम कराव्यात. एकच केली तर नेमकी चुकीची निवडली जाण्याची शक्यता बरीच असते.

याच पहिल्या पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तातून विषाणू डासाला मिळतो. डेंगीचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी जास्त. तेव्हा तापातल्या माणसाला दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावली पाहिजे, ती घरातल्या बाकीच्यांसाठी. रात्रीपुरती कॉइल लावून हे काम होत नाही.

आता प्लेटलेट. आपल्याकडे डेंगी म्हणजे प्लेटलेटचा आकडा असेच समीकरण झाले आहे. सकाळी एका लॅबमध्ये ६८ हजार, संध्याकाळी दुसरीत ५१ हजार, की घरात रडारड. यंत्र कण मोजते. नळीत प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले असतील तर यंत्राला ते मोजता येत नाहीत आणि आकडा खोटा कमी येतो. बोट दाबून दाबून काढलेल्या किंवा नळी नीट न हलवलेल्या नमुन्यात हे जास्त होते. म्हणून कमी आकडा आला की काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिले आहे का, हे लॅबला विचारावे. चांगली लॅब रिपोर्टाखाली तशी ओळ लिहिते. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बाहेरून प्लेटलेट चढवण्याची गरज सहसा पडत नाही. पपईच्या पानांच्या रसाबद्दल एवढेच म्हणतो की प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवशी आपोआप वाढू लागतात, आणि रसही बहुधा त्याच सुमाराला सुरू केलेला असतो.

त्याच कागदावर, प्लेटलेटच्या दोन-तीन ओळी वर, हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते, असते. तिकडे कोणी बघत नाही. डेंगीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून, आणि ते झिरपणे या आकड्यात दिसते. पीसीव्ही ४० चे ४८ झाले म्हणजे २० टक्के वाढ. ती धोक्याची खूण. पण ही वाढ कळायला सुरुवातीचा आकडा हवा. म्हणून तिसऱ्या दिवशीचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) जपून ठेवायचा आणि पुढचे शक्यतो त्याच लॅबमध्ये करायचे.

हे झिरपणे सुरू होते ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि २४ ते ४८ तास चालते. घरच्यांना वाटते सुटलो. बडोद्यात तर पाचव्या दिवशी ताप गेला की सहाव्या दिवशी चणियाचोळी बाहेर निघते. त्या दोन दिवसांत पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, मूल एकदम मलूल किंवा चिडचिडे होणे, सहा तास लघवी न होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रिपोर्टाची वाट न पाहता इस्पितळात न्यावे. बाकीच्यांनी ओआरएस, नारळपाणी, पेज, ताक घोटघोट घेत राहावे. दर चार ते सहा तासांनी लघवी होईल इतके. नुसते साधे पाणी भरमसाट पिऊ नये. आणि ‘बाटला चढवून या’ हा सल्ला बंद व्हायला हवा. तोंडाने घेता येत असताना भराभर चढवलेले सलाईन त्याच झिरपत्या वाहिन्यांतून छातीत आणि पोटात उतरते, मग श्वास लागतो.

विडालबद्दल मात्र जरा तिखट लिहावे लागेल. ही तपासणी १८९६ सालची. टायफॉइडच्या जंतूंविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी ती मोजते. अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा लागतो, तरी आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्रास केली जाते. आपल्या भागात टायफॉइड नेहमीचा असल्याने निरोगी माणसांतही थोड्याफार अँटीबॉडी असतातच. शिवाय लस घेतलेली असेल, पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, किंवा दुसऱ्याच कुठल्या तापाने शरीराची जुनी आठवण जागी झाली असेल, तरी विडाल वाढलेली दिसते. एकाच नमुन्यात १:८० किंवा १:१६० (रक्त इतके पट पातळ केल्यावरही अँटीबॉडी दिसल्या) असे आले की ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असा शिक्का बसतो. ‘डेंगी आणि टायफॉइड दोन्ही आहे’ असे ऐकू येते त्यातल्या बऱ्याच रुग्णांना टायफॉइड नसतोच. नियमाप्रमाणे ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने घ्यावेत आणि दुसऱ्यात चौपट वाढ दिसली तरच अर्थ लावावा. इतकी वाट कोण पाहतो? तिसऱ्या दिवशी विडाल, लगेच अँटिबायोटिक, सहाव्या दिवशी ताप गायब. साधा विषाणूचा ताप सहाव्या दिवशी तसाही गेला असता, श्रेय मात्र गोळीला मिळते. खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. एका दिवसात उतरलेला ‘टायफॉइड’ संशयास्पद मानावा.

टायफॉइडची खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहणे, आणि तिचा उत्तम काळ पहिला आठवडा. तीही शंभर टक्के पकडत नाही. साधारण निम्म्या रुग्णांत जंतू वाढतात. पण वाढले तर कोणते औषध त्याला लागू पडेल हेही कळते, आणि आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे टायफॉइडवर पुष्कळदा निकामी ठरत असल्याने तेच जास्त मोलाचे. कल्चर वाया जाते ते बहुतेक तीन कारणांनी. अँटिबायोटिकची एक-दोन डोस पोटात गेल्यावर रक्त घेतले जाते. रक्त थोडे घेतले जाते: मोठ्यांच्या एका बाटलीत ८ ते १० मिली हवे, तिथे कंजूसपणे ३ मिली भरतात, लहान मुलांची बाटली वेगळी असते, तिला १ ते ३ मिली पुरते. तिसरे, कातडी पुसून अँटिसेप्टिक वाळायच्या आधीच सुई टोचली जाते आणि कातडीवरचेच जंतू बाटलीत वाढतात. घरी येऊन नमुना नेणाऱ्यांसाठी आणखी एक: ही बाटली फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात ठेवायची नसते. थंडीने काही जंतू मरू शकतात, मग ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट येतो. निकाल सहसा ४८ ते ७२ तासांत कळतो. रुग्ण गंभीर असेल तर रक्त काढून ठेवून औषध लगेच सुरू करावे, रिपोर्टासाठी अडून बसू नये.

मलेरियात दिवसाचे बंधन नाही, पण एक निगेटिव्ह पुरेसा नाही. बोटाच्या रक्ताची जाड आणि पातळ अशी दोन्ही स्मिअर (काचेवर पसरलेले रक्त) काढावीत, क्लोरोक्विनची गोळी घेण्याआधी. संशय राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा. व्हायव्हॅक्स या प्रकारचा मलेरिया निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस असते, आणि यकृतात दडून बसलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस. ताप चौथ्या दिवशी जातो आणि प्रायमाक्विनची पट्टी कपाटात राहते. दोन-चार महिन्यांनी मलेरिया ‘परत’ येतो तो बऱ्याचदा असा. गरोदर बाई, तान्हे मूल आणि जी-६-पीडी या लाल पेशींतल्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेला माणूस यांना हे औषध चालत नाही, म्हणून ते विचारूनच घ्यावे.

पुराच्या वर्षी लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप, लक्षात ठेवावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी वस्तीत शिरली तेव्हा सगळ्या गावात मगरींची चर्चा होती. उंदरांच्या मूत्राची कोणी केली नाही. पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल होणे, पुराच्या पाण्यात उतरल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी ताप, हे जुळले तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याची तारीख सांगावी. याची आयजीएमही पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसते. उपचार त्याआधी सुरू करावे लागतात.

घरच्या औषधाचे एकच सांगतो. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नाही, कारण डेंगी असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. मुलांच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि ५ मिलीत २५०. बारा किलोच्या मुलाला पहिलीतले ५ मिली ठीक. दुसरीतले ५ मिली दिले तर प्रमाण २० च्या वर जाते. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, की हे होते. पट्टीवर लाल रेघ असलेले औषध केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेऊ नये. आणि तापाला ‘लवकर उतरायचे इंजेक्शन’ घेण्याआधी त्यात स्टेरॉइड आहे का, ते विचारावे. ते ताप लपवते.

शहरातल्या पॅथॉलॉजी लॅबवाल्यांना विनंती अशी की रक्त घेण्याच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवावेत: ताप सुरू झाल्याची तारीख, आधी घेतलेली अँटिबायोटिक आणि तिचा पहिला डोस कधी, आणि गेल्या महिन्यात पुराच्या पाण्यात उतरणे किंवा परगावी जाणे झाले का. तेच रिपोर्टावर छापले जावे. खर्च शाईपुरता आहे. नमुना घेणाऱ्या मुलांनी नाव-वय विचारताना हेही विचारले की झाले.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. डेंगीचे आकडे छापताना झटपट तपासणीच्या कार्डवर पॉझिटिव्ह आलेले आणि एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने पक्के झालेले वेगळे दाखवावेत. सरकारी हिशेबात एलायझाच धरली जाते, खासगीत बहुतेक कार्ड वापरतात. त्यामुळे महापालिकेचा आकडा लहान आणि गल्लीतला मोठा दिसतो आणि लोक म्हणतात, आकडे लपवतात. सोबत त्या आठवड्यात किती जणांची तपासणी झाली तेही द्यावे, म्हणजे रुग्ण वाढले की तपासण्या वाढल्या, ते वाचकाला स्वतःच ताडून पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ
रावपुरा, बडोदे