टाक्यांचा फोटो आईनंच काढावा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाळाचे फोटो सारखे येताहेत, बघून मन भरत नाही. पण छोटीच्या सिझरच्या टाक्यांचा एकही आला नाही. विचारलं की ती "ठीक आहे" म्हणते आणि विषय बदलते. वॉर्डात अशा "ठीक आहे" म्हणत उशिरा परत आलेल्या बाळंतिणी मी पाहते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सिझरची वरची कातडी जुळली तरी आतले थर भरत असतात. जखमेत जंतुसंसर्ग होतोय का, याकडे ऑपरेशननंतर 30 दिवस लक्ष ठेवावं लागतं. आणि घरी सोडतात ते चार-पाच दिवसांत. म्हणजे काही बिघडलंच तर ते बहुतेक घरी, डॉक्टरांच्या नजरेआड.

रवांडातही हाच पेच होता. टांझानियाच्या सीमेकडच्या किरेहे जिल्ह्यात ओल्या बाळंतिणीनं तपासणीसाठी पुन्हा रुग्णालय गाठायचं म्हणजे हाल. तिथं पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड, एमआयटी विद्यापीठांतले संशोधक यांनी मिळून वेगळी वाट काढून पाहिली. आपल्या आशाताईंसारखे गावातले आरोग्यसेवक साधारण दहाव्या दिवशी घरी जात, ठरलेले प्रश्न विचारत आणि जखमेचा फोटो काढत. फोटोवरून संसर्ग ओळखायला संगणकालाही शिकवलं गेलं. फोनला जोडायचा, उष्णता टिपणारा छोटा कॅमेराही त्यांनी वापरून पाहिला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बाळंतिणीला हलवण्याऐवजी तिची जखम फोटोतून डॉक्टरांपर्यंत गेली.

आपल्याकडे तसला कॅमेरा नाही, पण बाबांचा फोन आहे. बाबा, आईला फोटो काढायला शिकवा आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसा, म्हणजे छोटी संकोचणार नाही. आई, तुला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तर फोटो हवा. मी तो मोठा करून बघेन. सकाळी खिडकीपाशी, पट्टा सोडून, तिला उताणी झोपवून काढ. पोटाची वळी हलकेच वर धर, नाहीतर टाके तिच्याखाली झाकले जातात. रोज तेवढ्याच अंतरावरून काढलास तर कालच्याशी ताडून बघता येईल. फोटो फक्त मला पाठवायचा. घरच्या ग्रुपवर चुकूनही नको, आणि मला पोचला की फोनमधून काढून टाका.

छोटी सावळी आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, तेव्हा हात साबणानं धुऊन टाक्यांच्या कडेची कातडी गरम किंवा कडक लागते का तेही बघत जा. टाक्यांवर हळद, तेल, पावडर काही लावू नकोस, आणि शेगडीचा शेक पोटाला नको. तुझ्या हातचे डिंकाचे लाडू मात्र तिला खुशाल दे.

फोटोत वास येत नाही, ताप कळत नाही, आणि दुखणं तर फक्त तिलाच माहीत. म्हणून तिला विचारत राहा. 100.4च्या वर ताप, पू किंवा घाण वास, टाका उसवणं, कमी होण्याऐवजी वाढत जाणारं दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी माझ्या उत्तराची वाट बघू नका. मी ड्युटीवर असले तर फोन तासन् तास कपाटात असतो. सरळ रुग्णालयात न्या.

आशाताई बाळाला बघायला सातव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अधूनमधून येतील. वजन, दूध, नाळ यांत सगळे गुंततात आणि बाळंतीण बाजूला राहते. आई, "हिचे टाकेही बघा" असं तूच त्यांना सांग.

बाबा, रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रात्री-अपरात्री गाडी सांगावी लागली तर पैशांचा विचार करू नका, मी लगेच पाठवीन. पहिला फोटो उद्या सकाळीच पाठवा.

तुमची,
मोठी