गीझरच्या वॉल्व्हला बूच मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की गीझरची कामं वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक मागणीही हमखास येते: "वॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय, तेवढं बूच मारून द्या." गीझर दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आहे आणि बूच मी मारत नाही. का मारत नाही, हे हातात पाना घेऊन उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही. म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात थोडी जागा मागतो आहे.

पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की ते सुमारे दीड टक्का वाढतं. म्हणजे १५ लिटरच्या टाकीत जवळजवळ पाव लिटर पाणी जास्तीचं होतं आणि त्याला जायला वाट हवी. साठवणीच्या गीझरला गार पाणी जिथून येतं तिथे सेफ्टी वॉल्व्ह बसवलेला असतो. त्यातच पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. मागची वाट बंद, पुढचा नळ बंद, मग वाढलेलं पाणी वॉल्व्हच्या बाजूच्या भोकातून थेंब थेंब बाहेर येणारच. गीझर तापत असताना एवढं ठिबकणं हा बिघाड नाही. त्या भोकाला नळी लावून ती उतारानं मोरीपर्यंत न्या आणि तिचं टोक उघडं ठेवा, काम झालं. गीझर बंद आहे, पाणी गार झालंय आणि तरीही पाणी वाहतंच आहे, असं असेल तर मात्र वॉल्व्हमध्ये क्षार किंवा कचरा अडकलाय, नाहीतर लाइनचा दाब जास्त आहे. पाण्याची टाकी दर १० मीटर उंच गेली की खाली साधारण १ बार दाब वाढतो. प्रेशर पंप असेल तर आणखी. यावर उपाय म्हणजे वॉल्व्ह साफ करणं किंवा बदलणं आणि गरज असेल तर लाइनवर दाब कमी करणारा वॉल्व्ह बसवणं.

याच जातीचा दुसरा प्रकार कटआउटचा, म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणाऱ्या सुरक्षा-स्विचचा. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला वीज तोडतो. त्याचे पॉइंट चिकटले तर पाणी तापतच राहतं, आणि अशा वेळी कटआउट पडतो. लोक बटण दाबून तो परत चालू करतात, तो परत पडतो, आणि मग कुणीतरी कारागीर 'डायरेक्ट' करून देतो. खालचं झाकण काढल्यावर मी हे पाहिलेलं आहे: कटआउट बाजूला लोंबकळतोय, त्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, वरची टेप उष्णतेनं वितळून काळी चिकट झालेली. अशा गीझरमध्ये थर्मोस्टॅट चिकटला की थांबवणारं काहीच उरत नाही. वॉल्व्हलाही बूच असेल तर बंद टाकीतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर जातं, तरी उकळत नाही. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा घेते. घराची भिंत जाऊ शकते, हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. कटआउट वारंवार पडत असेल तर थर्मोस्टॅट तपासायला हवा, पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षार चढलेत का पाहायला हवं. बटण एकदा दाबून बघा. दुसऱ्यांदा पडला तर गीझर बंद ठेवा.

क्षारांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जड पाण्याच्या भागात बहुतेक तक्रारींची मुळं तिथेच असतात. पाणी तापायला वेळ लागतो, आतून खडखड किंवा चुरचुर आवाज येतो, एलिमेंट पुन्हापुन्हा जळतो. २ किलोवॉटच्या गीझरनं १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २० ते २५ मिनिटं लागायला हवीत. पूर्वी तेवढीच लागत होती आणि आता पाऊण तास लागत असेल, तर फ्लँज, म्हणजे एलिमेंट ज्यावर बसवलेला असतो ते टाकीचं झाकण, उघडायची वेळ झाली. उघडल्यावर एलिमेंटभोवती पांढरट-पिवळं कवच जमलेलं दिसतं, टाकीच्या तळाशी खपल्यांचा थर असतो. एलिमेंटची उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी त्या कवचाखाली कोंडते, म्हणून तो जळतो. त्याच्या शेजारीच मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीच्या पत्र्याऐवजी हा रॉड झिजावा, यासाठीच तो ठेवलेला असतो. नवा असताना बोटाएवढा जाड असलेला हा रॉड कित्येक घरी मला नुसत्या तारेच्या रूपात सापडतो. रॉड संपला की टाकी गंज धरते, आणि टाकी गळायला लागली की दुरुस्ती नाही. फ्लँजच्या रबरी गॅस्केटमधून गळत असेल तर गॅस्केट बदलून भागतं, पण टाकीला एम-सील लावून दिवस काढू नका. वर्षातून एकदा रॉड बघून घ्या, जड पाणी असेल तर त्याहून लवकर. थर्मोस्टॅट ६० च्या आसपास ठेवा. त्याच्यावर नेलं की क्षार भराभर बसतात. फार खाली ठेवलं तर कोमट पाण्यात जंतू वाढतात. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा लहान मुलांसाठी बादलीत आधी गार पाणी घ्या.

पाणी गरम येत नाही म्हणून बोलावलं जातं तेव्हा कित्येकदा गीझर ठणठणीत असतो, दोष मिक्सरचा, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा असतो. गीझरचा गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. तरीही पाणी येतच राहिलं तर कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. हँडशॉवरचं बटण बंद करून मागचे दोन्ही कॉक उघडे ठेवले तरी हेच होतं. ही परीक्षा घरातल्या कुणालाही करता येते, तिला कारागीर लागत नाही.

आता विजेचं. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी मेन बंद करा. एलिमेंटचं आवरण तडकून वीज पाण्यात उतरते आणि अर्थिंग नसेल तर ती माणसातून जाते. एमसीबी असल्यानं शॉकपासून संरक्षण मिळतं, असा गैरसमज सुशिक्षित घरांतही आहे. एमसीबी जादा करंट आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणूस वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. तो पडायला लागला म्हणून त्याला बगल देऊन लाइन थेट जोडून मागणारे लोक मला भेटतात. तो पडतोय कारण कुठेतरी वीज गळते आहे. २ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध मीटरवर सुमारे २६ ओहम दाखवतो, आणि त्याच्या टोकापासून बॉडीपर्यंत मीटरनं जोड दाखवायला नको. हे तुमच्यासमोर मोजून दाखवायला कारागिराला सांगा. तो तुमचा हक्क आहे. बरेच दिवस गीझर बंद असेल तर गरम पाण्याच्या नळाला आधी धार येऊ द्या आणि मगच बटण दाबा. रिकाम्या टाकीत एलिमेंट पाहता पाहता जळतो.

गॅस गीझरचा धोका या सगळ्याहून वेगळा, कारण त्यात ठिबकणं नाही, आवाज नाही, झिणझिण्या नाहीत. बंद बाथरूममध्ये हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, गरगरतं आणि कडी काढायच्या आतच शुद्ध जाते. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, काजळी धरत असेल, तर तो त्या दिवसापासून वापरू नका. आणि थंड वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावलेलं असेल तर आजच काढा. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवायचाच नाही, तो बाहेर मोकळ्या हवेत असायला हवा. आत बसवून द्या म्हणणाऱ्या ग्राहकाला मी नाही म्हणतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. हवा तो कटआउट किंवा वॉल्व्ह हाताशी नसेल तर गीझर डायरेक्ट करून देऊ नका. प्लग काढून ठेवा, घरच्यांना कारण सांगा, सुटा भाग मिळाल्यावर परत जा. गिऱ्हाईक कुरकुर करेल, दोन दिवस चुलीवर नाहीतर शेगडीवर पाणी तापवेल.

आपला विश्वासू,
एक गीझर दुरुस्ती कारागीर