नोटिशीआधी तुळईचं टोक बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा सरत आला की राज्यातल्या सगळ्या महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात आणि जुन्या पेठांमधल्या दारांवर कागद चिकटतात. त्याला माझा विरोध नाही. भिंत पडून माणूस दगावण्यापेक्षा नोटीस बरी. मी सरकारी बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, तेव्हा इमारत पडते म्हणजे काय होतं ते मला कोणी सांगायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. जुनं घर धोकादायक ठरवण्याची एक वाट आपल्या नियमांत आहे आणि जुनं घर वारसा म्हणून जपण्याची दुसरी. या दोन वाटांवरचे कागद एकाच इमारतीबद्दल असले तरी बहुतेक वेळा एकमेकांना भेटत नाहीत.

आधी वारशाच्या वाटेबद्दल, कारण आमच्या सोलापूरच्या दक्षिण कसब्यात तिच्याविषयी गैरसमजच फार आहेत. आमच्या वहिनी म्हणतात, "वारशाच्या यादीत नाव गेलं की खिळा ठोकायला पण दिल्लीला विचारावं लागतंय." हा धसका आला आहे भुईकोट किल्ल्यामुळे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. 2010 साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. पण त्या 100 मीटरमध्येसुद्धा 16 जून 1992 च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराला दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, ही गोष्ट कोणी सांगत नाही. शिवाय त्या कायद्यात मुदती आहेत. सक्षम अधिकाऱ्याने अर्ज 15 दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस द्यायची आणि त्यानंतर महिन्याभरात हो किंवा नाही कळवायचं. मुदती पाळल्या जातात की नाही हा प्रश्न निराळा, निदान बोट दाखवायला काहीतरी आहे.

शहराच्या वारसा समितीचा मामला याहून वेगळा. तिचा दिल्लीशी संबंध नाही. देशात ही पद्धत पहिल्यांदा 1995 साली मुंबईत आली आणि डिसेंबर 2020 पासून मुंबई सोडून राज्यातल्या बहुतेक शहरांना जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यातही तोच साचा आहे. आयुक्त वारसा समितीच्या सल्ल्याने इमारतींची यादी करतात, ती जाहीर होते, मालकाच्या आणि लोकांच्या हरकती-सूचना घेतल्या जातात आणि मग ती शासनाकडे जाते. यादीतल्या इमारतीला श्रेणी मिळते. पहिल्या श्रेणीत बाहेर किंवा आत फारसा हात लावता येत नाही, मजबुतीसाठी लागेल तेवढंच. दुसऱ्या श्रेणीत आतले फेरबदल चालतात, वापरही बदलता येतो. तिसऱ्या श्रेणीत त्याहून मोकळीक. आमच्यासारख्यांचे वाडे यादीत आलेच तर बहुतेक तिसऱ्या श्रेणीत येतील. तेव्हा मोरी बदलायला कोणी अडवेल ही भीती सोडून द्यावी.

परवानगी समिती देत नाही, तेही सांगितलं पाहिजे. समिती सल्ला देते, परवानगी आयुक्त देतात. समितीचा सल्ला डावलायचा अधिकार आयुक्तांना आहे, मात्र अपवाद म्हणून, कारणं लेखी नोंदवून, आणि तो त्यांनी स्वतः वापरायचा आहे. खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवता येत नाही. नियम करणाऱ्याने हे एक कलम फार विचार करून घातलं आहे असं मला वाटतं. समितीवर कोण असावं हेही ठरलेलं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर, आर्किटेक्ट (त्यात एक जतनकामाचा जाणकार), पर्यावरणाचा अभ्यासक आणि शहराचा इतिहास जाणणारा माणूस. या शेवटच्या माणसाची गरज सोलापूरला इतर शहरांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडच्या कितीतरी जागा देखण्या नाहीत, पण महत्त्वाच्या आहेत. 1930 साली नगरपालिकेवर तिरंगा लावणारं आणि त्यापायी मार्शल लॉ सोसणारं हे गाव आहे. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या काळातल्या माणसांची घरं, तालमी, गिरणी कामगारांच्या चाळी यांची किंमत कमानी आणि नक्षी मोजून ठरत नाही.

आता दुसरी वाट. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली मोडकळीला आलेली इमारत रिकामी करण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा पाडण्याचा हुकूम निघतो. 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. त्या ऑडिटवरून इमारतीला वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-2 अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2 ब म्हणजे राहता राहता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. कामकाज विभागीय पातळीवर चालतं, वेगाने चालतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर चालतं. इथे कोणी इतिहासकार नाही आणि समितीही नाही. एका अभियंत्याचा अहवाल आणि एक सही.

तो अहवाल कशाच्या आधारावर लिहिला जातो, हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम तिथे आहे. आमच्या नात्यातल्या एका वाड्याचं ऑडिट झालं. सल्लागाराचं नाव लिहीत नाही, माणूस प्रामाणिक होता. त्याने रिबाउंड हॅमर आणला आणि भिंतीवर जागोजाग दाबून आकडे घेतले. हा हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. वाड्यात काँक्रीट होतं फक्त नंतर बांधलेल्या संडासाच्या स्लॅबमध्ये. बाकी बाहेरून दगड, आत मातीचा भराव, चुन्याचा गिलावा आणि सगळा भार सागवानी खांबांवर. अशा भिंतीवर तो हातोडा लावायचा म्हणजे धोतर नेसलेल्या माणसाच्या पँटचं माप घेण्यासारखं आहे. आकडे अर्थातच वाईट आले. अहवालात "मटेरियल स्ट्रेंथ इनॅडिक्वेट" असं वाक्य पडलं आणि वाडा सी-1 झाला.

वाडा बघायची रीत वेगळी असते. आपल्याकडच्या वाड्यात भिंत पडली तरी घर उभं राहू शकतं, पण तुळईचं टोक गेलं तर भिंत शाबूत असून घर बसतं. म्हणून आधी बघायचं ते भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक. ते हवेला उघडं नसतं, ओल धरतं आणि वाळवी तिथूनच सुरू होते. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, भरीव की बद्द, आणि स्क्रू-ड्रायव्हर किती आत जातो ते पाहायचं. मग खांबाखालचं उथळं, म्हणजे दगडी बैठक, जागेवर आहे का, हस्त, म्हणजे खांबावरचे लाकडी आधार, सुटलेत का, किलचा, म्हणजे छतातल्या लाकडी पट्ट्या, कुठे काळ्या पडल्यात, हे बघायचं. मग वर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढायचं. माळवदाला दर काही वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर देतात. जुना थर काढायचा कंटाळा केला तर थरावर थर चढून फूट-दीड फूट माती होते आणि पावसात ती पाणी पिऊन बसते. आपल्याकडचा खरा जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा तुळया वाकतात. वाकलेली तुळई कुजलेलीच असते असं नाही. वरची माती उतरवली, टेकू दिला, सुटलेलं टोक कापून नवं लाकूड जोडलं, तर ते खण पुन्हा उभं राहतं. त्या नात्यातल्या वाड्याची व्याधी एवढीच होती: माळवदावरची जास्तीची माती आणि वरच्या मजल्यावरच्या मोरीची गळती. शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या गवंड्याने चहा संपायच्या आत सांगितलं, "मोरी बंद करा, माती उतरवा, दोन तुळया बदला. बाकीचं घर तुमच्या नातवाला पुरतंय."

पण गवंड्याच्या बोलण्याला शिक्का नसतो. वाडा पाडला. आणि पाडायच्या आधीच लाकूड घ्यायला व्यापारी दारात आले. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दोन दरवाजे चौकटीसकट, सगळं ट्रकमध्ये गेलं. सागवान कामातून गेलं होतं म्हणून वाडा पाडायचा, तर मग ते सागवान घनफुटाच्या भावाने विकत कोण घेत होतं? हा प्रश्न मी तेव्हा सगळ्यांना विचारला, उत्तर कोणी दिलं नाही.

यात सगळा दोष कागदांचा नाही, हेही कबूल केलं पाहिजे. सी-1 हवाच असतो अशी घरंही आहेत. वाड्यात जुने भाडेकरू असतात, भाडं महिन्याच्या दुधाच्या बिलाइतकंही नसतं. मालक दुरुस्ती करत नाही. भाडेकरूला नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायची सोय कायद्यात आहे, पण त्या भाड्यातून वळतं होऊन होऊन काय होणार? त्यात सात भावंडांच्या सह्या, एक अमेरिकेत, एक बोलत नाही. अशा घराला पाडायचा हुकूम म्हणजे सुटकेचा दरवाजा. म्हणून तर तो हुकूम सहज निघता कामा नये. वारसा इमारतीच्या मालकाला बांधकामाच्या हक्काचं नुकसान भरून देण्यासाठी टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेसाठी विकायची सोय, आहे, खरं. पण मुंबईत टीडीआरला मिळणारा भाव सोलापुरात कुठून येणार? त्या भरवशावर कोणी वाडा राखेल असं मला वाटत नाही.

माझी मागणी तीन ओळींची आहे. जुन्या गावठाणातल्या लाकडी-चुन्याच्या कोणत्याही घराला सी-1 देण्यापूर्वी, ते यादीत असो वा नसो, अहवाल वारसा समितीसमोर ठेवावा आणि समितीने ठरलेल्या मुदतीत मत द्यावं. लोकांचा जीव धोक्यात असेल तर तोवर घर रिकामं करून टेकू द्यावेत. रिकामं करणं आणि पाडणं या दोन गोष्टी एकाच दिवशी व्हायला पाहिजेत असं काही नाही. दुसरं, समितीतला स्ट्रक्चरल इंजिनिअर लाकूड आणि चुना हाताळलेला असावा. दहा वर्षं आरसीसी टॉवरची गणितं केलेला माणूस कागदावर पात्र ठरेल, पण त्याला तुळईच्या टोकाशी काय चाललंय ते कळेलच असं नाही. आणि तिसरं, माळवदाची माती उतरवणं, किलचा बदलणं, चुन्याचा गिलावा पुन्हा करणं अशा कामांना संपूर्ण नकाशा आणि महिन्यांची वाट नको. एका पानाचा अर्ज, दोन फोटो, सिटी सर्व्हे उतारा आणि पोच, एवढं पुरे. परवानगीचा धसका मोठा असला की माणूस परवानगी मागत नाही. मग रविवारी गुपचूप सिमेंट मारतो. आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि पुढच्या ऑडिटमध्ये तीच भिंत खराब म्हणून लिहिली जाते.

जपणं म्हणजे वापर बंद करणं नाही, याची उदाहरणं शोधायला लांब जायची गरज नाही. महापालिकेची इंद्रभुवन ही इमारत अप्पासाहेब वारदांची राहती वास्तू होती, ती शहराच्या कारभाराची इमारत झाली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या भैया चौकातल्या घराचं स्मारक झालं. पहिलं मोठ्या माणसाचं घर, दुसरं मोठं काम केलेल्या माणसाचं, म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेलं. बाळीवेस, कसबा, साखर पेठ, मंगळवार पेठ इथली साधी घरं त्या मापात बसणार नाहीत. त्यांना पुतळा नको आहे. त्यांना योग्य माणसाने लिहिलेला एक अहवाल हवा आहे.

आमच्या वाड्याचं ऑडिट याच महिन्यात करून घेतोय. अहवालाच्या छापील नमुन्यात "बांधकामाचा प्रकार" या रकान्यात आरसीसी आणि लोड बेअरिंग (भिंतींवर भार) असे दोनच पर्याय आहेत. खाली मी पट्टी घेऊन तिसरी चौकट आखली आहे, "लाकडी सांगाडा, चुना-माती", आणि तुळयांच्या टोकांचे फोटो क्रमांक घालून मागे लावले आहेत. अभियंत्याने त्यावर सही करायला होकार दिला आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला या चौकटीची नक्कल हवी असेल तर ती खुशाल करून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
दक्षिण कसबा, सोलापूर