प्रेस्बिटरी बदलायची का? मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

सलाम.

तू विचारलंस तुमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नक्की चाललंय काय, फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या सेशनपुढे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, प्रस्ताव आलाय की आत्ताची प्रेस्बिटरी, म्हणजे आपल्या भागातल्या मंडळ्यांचा एकत्र कारभार पाहणारी सभा, सोडून शेजारच्या प्रेस्बिटरीत जायचं. डिनॉमिनेशन, म्हणजे पंथ, तेच, अमेरिकेतलं पीसीयूएसए हे प्रेस्बिटेरियन चर्चच, बाहेर पडून ईपीसी किंवा ईसीओ या दुसऱ्या प्रेस्बिटेरियन पंथांत जायचं नाहीये. पण लोकांच्या मनात या दोन्ही गोष्टींची सरमिसळ झालीय, त्यामुळे जो तो आधी हेच विचारतो, बिल्डिंग जाणार का?

तर नाही जाणार. बुक ऑफ ऑर्डर या आपल्या चर्चच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे मंडळीची मालमत्ता कागदावर कोणाच्याही नावे असली तरी ती पूर्ण डिनॉमिनेशनसाठी ट्रस्टमध्ये असते, आणि इथून तिथे गेलो तरी ते तसंच राहणार. लोक उदाहरण देतात कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क मंडळीचं, त्यांनी २०१४ ला ईसीओत जाताना जवळपास ८९ लाख डॉलर मोजले, पण ते डिनॉमिनेशनच सोडून जात होते, आपलं तसं नाही हे मी प्रत्येकाला परत परत सांगतोय.

दुसरं म्हणजे खूप जणांना वाटतं की आपण हात वर केले की झालं. तसं नसतं रे. मंडळीच्या सभेला कशाकशावर निर्णय घेता येतो ते ठरलेलं आहे, वडील (मंडळीने निवडलेले पुढारी, एल्डर) निवडणं, पाळक बोलावणं, मालमत्तेची खरेदी-विक्री वगैरे, त्यात प्रेस्बिटरी बदलणं बसत नाही. आमचं मतदान म्हणजे आमची इच्छा कळवणं, एवढंच. पुढे दोन्ही प्रेस्बिटरींनी हो म्हणायचं, आणि हद्दीचा प्रश्न आला की विषय सिनड (प्रेस्बिटरींच्या वरची सभा) आणि जनरल असेंब्ली (अख्ख्या डिनॉमिनेशनची सभा) इथपर्यंत जातो, आणि असेंब्ली भरते दोन वर्षांतून एकदा. म्हणजे हे काम लांबणार आणि मला विचारशील तर लांबलेलंच बरं, कारण आत्ता सगळे तापलेले आहेत.

आणि आमच्या पाळकसाहेबांचा विचार तर कोणी केलेलाच नाही. पाळक मंडळीचे सभासद नसतातच, ते प्रेस्बिटरीचे सभासद असतात. मंडळी गेली म्हणून ते आपोआप जात नाहीत, त्यांची मेंबरशिप वेगळी ट्रान्सफर व्हावी लागते आणि नवी प्रेस्बिटरी त्यांची परीक्षा घेऊन मग स्वीकारते. इतकी वर्षं ज्यांनी आपल्या घरातली लग्नं लावली, मयतं केली, त्यांना हे आधी बसून विचारायला नको? मी सेशनमध्ये हे बोललो तर सगळे गप्पच झाले.

आता कारण. एक कारण अंतराचं, ते मला पटतं. सभासद कमी झाले म्हणून प्रेस्बिटरी एकत्र केल्या गेल्या, हद्दी पसरत गेल्या, आमच्या मंडळीच्या वडिलांना एका मीटिंगसाठी अख्खा दिवस गाडीत घालवावा लागतो, नोकरी करणारा माणूस मग जातच नाही आणि मंडळीचा आवाजही तिथे पोचत नाही. पण खरं कारण वेगळंच आहे हे तुलाही माहीत आहे. २०११ ला ऑर्डिनेशनचे (पाळक-वडील म्हणून दीक्षा देण्याचे) नियम बदलून समलैंगिकांनाही वाट मोकळी झाली, २०१५ ला लग्नाची व्याख्या बदलून त्यात समलैंगिक जोडपीही आली, तेव्हापासून काहींना वाटतं की शेजारची प्रेस्बिटरी 'आपल्या विचारांची' आहे. पण बुक ऑफ ऑर्डर तर दोन्हीकडे एकच! आणि मनाविरुद्ध लग्न लावायची सक्ती कुठल्याही पाळकावर किंवा सेशनवर नाही, इथेही नाही, तिथेही नाही. मग बदलणार काय, फक्त शेजारी कोण बसतो तेवढंच ना?

हे पूर्वीही करून झालंय. १८३२ ला जनरल असेंब्लीने फिलाडेल्फियात हद्दीवर नाही तर विचार जुळतात या पायावर वेगळी प्रेस्बिटरी काढून दिली, वाटलं भांडण मिटेल. १८३७ ला अख्खं चर्च ओल्ड स्कूल (जुन्या मताचे) आणि न्यू स्कूल (नव्या मताचे) असं फुटलं आणि परत एक व्हायला तीसेक वर्षं गेली. वेगळ्या प्रेस्बिटरीमुळेच फुटलं असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती, गुलामगिरीचा वाद पण त्यात होता, पण वेगळं बसवून भांडण थांबलं नाही हे तर दिसतंच.

मला प्रेस्बिटरी आवडते ती याचसाठी की तिथली माणसं आपण निवडलेली नसतात. पाळक आणि वडील साधारण सारख्या संख्येने एकत्र बसतात, आणि वडील तिथे मंडळीचा निरोप्या म्हणून जात नाही, सगळ्यांनी मिळून ख्रिस्ताची इच्छा शोधायची असं आपलं पुस्तकच सांगतं. ज्याच्याशी माझं पटत नाही त्याच्याच शेजारी प्रभुभोजन घ्यायचं, त्याच्याच कमिटीत काम करायचं, त्यानेच आपल्या मंडळीच्या अडचणीत धावून यायचं. हे सोपं नाही, मला माहितीये, दोनचार मीटिंगमधून तर मी अगदी उदास होऊन आलो. तरी ते सोडायला मन होत नाही.

म्हणून मी सेशनला लेखी सुचवलंय की आधी अंतराच्या प्रश्नावर प्रेस्बिटरीशी बोला, अर्ध्या मीटिंग ऑनलाइन घ्या, बाकीच्या वेगवेगळ्या भागांत फिरत्या ठेवा, आणि त्याने नाही भागलं तर मग अंतर हेच कारण लिहून अर्ज करा, मी स्वतः सही करीन. विचार जुळतात म्हणून जायचं असेल तर माझं मत विरोधात जाईल, आणि ते मी सभेत उभा राहून सांगणार आहे, मागे कुजबुजणार नाही.

तू प्रेस्बिटरीच्या कमिटीवर काम केलंयस. अशा वेळी प्रेस्बिटरीची माणसं मंडळीत येऊन बसतात तेव्हा सगळ्यात आधी कोणाशी बोलतात, आणि आम्ही त्यांना काय काय विचारून घ्यावं, तेवढं मला लिही. सभेच्या आधी मिळालं तर फार बरं होईल. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र